‘डिग अप’ कुठे नीट सापडतं? एका क्रियापदावर पाच इंग्रजी शब्दकोशांची परीक्षा

‘द रिपोर्टर डग अप द मिनिस्टर्स पास्ट’ याचं मराठी ‘वार्ताहराने मंत्र्याचा भूतकाळ खणला’ असं झालेलं दिसलं, की समजावं, अर्थ बघायला शब्दकोश उघडला खरा, पण पहिलीच ओळ वाचून मिटला. ‘डिग’ म्हणजे खणणं, ‘अप’ म्हणजे वर. दोन्ही शब्द प्राथमिक शाळेतले. म्हणूनच ‘डिग अप’कडे कोणी वळून बघत नाही आणि म्हणूनच ते फसवतं.

शब्दकोश जोखायला असं क्रियापद फार कामाचं. लांबलचक शास्त्रीय शब्दांचे अर्थ सगळेच कोश बरे देतात. कोशकाराचा कस लागतो तो अशा दोन-दोन अक्षरांच्या जोडीवर. इथे पाच कोश घेतले आहेत: ऑक्सफर्ड लर्नर्स, लाँगमन, कॉलिन्स कोबिल्ड, केंब्रिज आणि मेरियम-वेबस्टर. पाचही आंतरजालावर पैसे न मोजता बघता येतात. शेवटी चार जोडसाधनंही पाहिली आहेत, कारण एकट्या कोशावर भागत नाही.

आधी मालाची ओळख

‘डिग अप’ची कर्मं तीन जातींची असतात आणि सगळी मेख तिथेच आहे.

पहिली जात जमिनीची. ‘दे डग अप द रोड’ म्हणजे रस्ता खणून ठेवला, उखडला. रस्ता कुठे नेला नाही, तो आहे तिथेच आहे, फक्त त्याचा पृष्ठभाग फुटला. दुसरी जात जमिनीत असलेल्या वस्तूची. ‘डिग अप द प्लांट’ म्हणजे रोप मुळासकट काढणं. ‘द डॉग डग अप अ बोन’ म्हणजे कुत्र्याने हाड उकरून काढलं. इथे वस्तू जागेवरून हलली, वर आली. तिसरी जात माहितीची. पुरावा, भानगड, जुनी कागदपत्रं, कोणाचा तरी पूर्वेतिहास. फावडं नाही, माती नाही, पण खटपट तीच. मराठीत याला शोधून काढणं, हुडकून काढणं, बाहेर काढणं असं म्हणतात.

इंग्रजीत क्रियापद एकच राहतं. मराठीत कर्म बदललं की क्रियापद बदलतं: रस्ता उखडतात, रोप उपटतात किंवा मुळासकट काढतात, हाड उकरतात, पुरावा शोधून काढतात. त्यामुळे मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘अर्थ काय’ या प्रश्नाआधी ‘कशाला डिग अप करतात’ हा प्रश्न येतो. ज्या कोशाने कर्म सांगितलं नाही त्याने अर्धंच काम केलं.

आणि तो ‘अप’. त्याची कामं दोन. एक, खालचं वर आणणं. दुसरं, ‘टेअर अप’ किंवा ‘ब्रेक अप’मध्ये असतं तसं, आहे ते पुरतं मोडून टाकणं. खणण्याने जी गोष्ट नव्याने तयार होते तिला यांपैकी काहीच लागू पडत नाही, म्हणून तिथे ‘अप’ येत नाही. खड्डा, विहीर, चर, बोगदा हे सगळं नुसतं ‘डिग’ करायचं: ‘डिग अ होल’, ‘डिग अ वेल’, ‘डिग अ टनेल’. ‘डिग अप अ होल’ ही चूक मराठी माणसाच्या इंग्रजीत वारंवार येते, कारण आपण खड्डाही खणतो आणि अंगणही खणतो. ‘डिग अ ग्रेव्ह’ म्हणजे थडगं खणणं. ‘डिग अप अ ग्रेव्ह’ म्हणजे थडगं उकरणं. एक अव्यय जास्त पडलं आणि कबर खोदणारा कबरचोर झाला.

हा फरक ‘डिग अप’ची नोंद एकटी वाचून उमगत नाही. ‘डिग’ची मूळ नोंद आणि ‘डिग अप’ची नोंद शेजारीशेजारी ठेवली की दिसतो. म्हणून कुठल्याही कोशात नुसतं ‘डिग अप’ टाइप करून थेट त्या पानावर उतरण्यापेक्षा ‘डिग’वरून खाली यावं. दोन मिनिटं जास्त जातात, पण ती वाया जात नाहीत.

कॉलिन्स कोबिल्ड: या क्रियापदासाठी सगळ्यांत उजवा

कोबिल्डचा जन्म बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रकल्पात झाला. जॉन सिंक्लेअर त्याचे प्रमुख. 1987 साली पहिला कोश निघाला. त्याचं वेगळेपण असं, की तो शब्दापुढे व्याख्या ठेवत नाही, शब्द वापरून पूर्ण वाक्य लिहितो: ‘तुम्ही अमुक गोष्ट डिग अप केलीत, तर तुम्ही ती, पुरलेली किंवा लावलेली असते त्या जमिनीतून काढता’ अशा धाटणीचं. वाचायला थोडं शाळामास्तरी वाटतं. पण या पद्धतीत कोशकाराला कर्म सांगावंच लागतं, पळवाट नाही. जमिनीचा तुकडा, जमिनीतली वस्तू, माहिती, अशी तिन्ही कर्मं इथे तीन वेगळ्या वाक्यांत येतात.

माहितीच्या अर्थात कोबिल्ड आणखी एक गोष्ट अचूक पकडतो: सापडलेली गोष्ट तोवर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. हा मुद्दा साधा दिसतो, पण ‘उकरून काढणं’ या मराठी शब्दाशी ‘डिग अप’ कुठे जुळतं आणि कुठे फाटतं हे त्याच्यावरच ठरतं. त्याकडे पुढे येऊच.

दोष आहेत. कॉलिन्सच्या एकाच पानावर दोन-तीन कोश एकाखाली एक लावलेले असतात: कोबिल्ड, मग कॉलिन्सचा ब्रिटिश कोश, मग अमेरिकी. खाली घसरत गेलं की आपण कोणत्या कोशात आहोत याचं भान सुटतं आणि एकाची व्याख्या दुसऱ्याच्या नावावर खपते. मथळ्यात ‘कोबिल्ड’ हा शब्द आहे ना, हे दर वेळी बघावं. पानाच्या तळाशी वाक्यांचा जो ढीग असतो तो यंत्राने निवडलेला आहे, तसं तिथे लिहिलेलंही असतं. त्यातली वाक्यं अर्थवार लावलेली नसतात. ती वाचावीत, पण वहीत उतरवू नयेत.

व्याकरणाच्या खुणाही नवख्याला दचकवतात. कधी व्ही, पी, एन अशी सुटी अक्षरं येतात, कधी त्यांचे पूर्ण शब्द. व्ही म्हणजे क्रियापद, पी म्हणजे ‘अप’सारखं अव्यय, एन म्हणजे नाम. ‘व्ही-पी-एन’ असेल तर ‘डग अप द रोड’ हा क्रम, ‘व्ही-एन-पी’ असेल तर ‘डग द रोड अप’. दोन्ही दिलेले असले म्हणजे कर्म मध्ये घालता येतं. हे एकदा कळलं की प्रत्येक फ्रेझल व्हर्बला, म्हणजे क्रियापद आणि अव्यय यांच्या अशा जोडीला, उपयोगी पडतं.

ऑक्सफर्ड लर्नर्स: बाणासाठी

या कोशाची मुळं टोकियोत आहेत. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश 1942 मध्ये तिथे निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्याकडे घेतला. परभाषकाला वाक्यरचना कुठे अडते हे पहिल्यापासून डोक्यात ठेवून केलेला कोश आहे, आणि ते आजही जाणवतं.

‘डिग’च्या पानावर तळाशी फ्रेझल व्हर्ब्जची यादी असते, प्रत्येकाला स्वतंत्र पान. ‘डिग अप’ उघडलं की मथळ्यातच ‘समथिंग’ आणि ‘अप’ यांच्या मध्ये दुतोंडी बाण दिसतो. या एका चिन्हासाठी ऑक्सफर्डला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. बाणाचा अर्थ: कर्म आणि अव्यय यांची जागा अदलाबदल होऊ शकते. ‘डिग अप द लॉन’ चालतं, ‘डिग द लॉन अप’ही चालतं.

एक गोष्ट मात्र बाण सांगत नाही. कर्माच्या जागी सर्वनाम आलं की अदलाबदलीची मुभा संपते. ‘डिग इट अप’ बरोबर, ‘डिग अप इट’ चूक. ‘डिग देम अप’ बरोबर, ‘डिग अप देम’ चूक. याचं कारण आघातात आहे. अशा जोडीत जोर ‘अप’वर पडतो, आणि इंग्रजी वाक्य शेवटी ‘इट’सारखं हलकं सर्वनाम ठेवायला नाखूश असतं. उलट कर्म लांबलचक असेल तर ते शेवटीच टाकावं. ‘दे डग द पाइप्स दॅट हॅड बीन लेड लास्ट यीअर अप’ हे व्याकरणाने चूक म्हणता येणार नाही, पण वाचणारा ‘अप’पर्यंत पोचेतो ‘डग’ विसरलेला असतो.

अर्थांचा क्रम ऑक्सफर्डमध्ये जमीन, वस्तू, माहिती असा आहे. शिकवायला हाच क्रम चांगला, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या कामाकडून न दिसणाऱ्याकडे जाता येतं. जमिनीच्या अर्थाची व्याख्या पेरणी किंवा बांधकामाआधी जमीन फोडणं अशी आहे. अंगण-बागेला ती चपखल बसते. पाइपलाइनसाठी खणलेल्या रस्त्याला जरा ओढूनताणून लावावी लागते. तिसऱ्या अर्थाची व्याख्या तुटपुंजी आहे. नुसतं माहिती शोधणं एवढंच. त्यातला खटाटोप आणि दडलेपणा व्याख्येत नाही. उदाहरण मात्र सवंग वृत्तपत्रांना भानगडींची किती हौस असते याचं आहे, आणि व्याख्येने जे सोडलं ते उदाहरणाने भरून काढलं. ऑक्सफर्ड वापरताना व्याख्येइतकंच उदाहरणाकडे लक्ष द्यावं, हे इतर नोंदींनाही लागू आहे.

लाँगमन, केंब्रिज आणि मेरियम-वेबस्टर

लाँगमन 1978 चा. त्याने व्याख्या लिहिण्यासाठी सुमारे 2000 सोप्या शब्दांची मर्यादा घालून घेतली, आणि ती पाळल्यामुळे व्याख्येतला शब्द समजायला दुसरा शब्द शोधावा लागत नाही. दुतोंडी बाण इथेही आहे. इंग्रजी वाचनाची नुकती सुरुवात असेल तर लाँगमनपासून सुरुवात करावी. अडचण एवढीच, की ‘डिग’ची नोंद लांब आहे आणि फ्रेझल व्हर्ब्ज तिच्या तळाशी. मोबाइलवर बोट दुखतं.

केंब्रिज अर्थाआधी एखादा मोठ्या अक्षरांतला मार्गदर्शक शब्द ठेवतो. बहुअर्थी शब्दात योग्य दार पटकन सापडतं, ही मोठी सोय. पण त्याच्या पानावर संबंधित शब्दांचा जो पेटारा असतो, तो सांभाळून उघडावा. तिथले शब्द विषयाने सोबती असतात, अर्थाने जुळे नसतात. समानार्थी समजून त्यातला एक उचलून वाक्यात बसवला की वाक्य हमखास वाकडं होतं.

मेरियम-वेबस्टरचा कोश ज्यांची भाषाच इंग्रजी आहे त्यांच्यासाठी आहे, आणि ‘डिग अप’च्या नोंदीत हे उघडं पडतं. व्याख्या म्हणून दोन शब्द मिळतात: ‘फाइंड’ आणि ‘अनर्थ’. ‘अनर्थ’ माहीत नसेल तर तिकडे जावं, तर तिथे ‘डिग अप’ करणं असं म्हटलेलं. शिवाशिवीच्या खेळातला भिडू परत पहिल्यावर आला. (मराठी डोळ्याला हा ‘अनर्थ’ भलताच दिसतो, पण उच्चार ‘अन्-अर्थ’ आहे, ‘अर्थ’ म्हणजे माती.) कोशाचा हा दोष म्हणता येणार नाही, त्याचं गिऱ्हाईकच वेगळं आहे. अमेरिकी इंग्रजीच शिकायची असेल तर त्याच घराण्यातला शिकाऊंसाठीचा कोश, जो आता ब्रिटानिका डिक्शनरी या नावाने मिळतो, तो बघावा.

जिथे पाचही कोश हात टेकतात

मराठी वाचकाचा खरा घोटाळा ‘उकरून काढणं’ या शब्दाने होतो. शब्द दिसायला ‘डिग अप’ची हुबेहूब प्रत. कुत्रा हाड उकरतो तिथवर दोन्ही बरोबर चालतात. पण ‘जुनं भांडण उकरून काढलं’, ‘कशाला मढी उकरता’ असं म्हणतो तेव्हा त्या भांडणाची किंवा त्या मढ्याची सगळ्यांना आधीच माहिती असते. मिटलेलं पुन्हा वर काढल्याची ती तक्रार असते. ‘डिग अप’मध्ये सापडलेली गोष्ट नवी असते, निदान ऐकणाऱ्याला. म्हणून ‘ही डग अप द ओल्ड क्वॉरल’ हे इंग्रजीत बेंगरूळ वाटतं. तिथे हवं ‘रेक अप’. ‘रेक’ म्हणजे दाताळं. राख किंवा पाचोळा दाताळ्याने ओढला की खालचा निखारा दिसतो, तसं. ऑक्सफर्ड या ‘रेक अप’पुढे नापसंतीची खूण करतो आणि इतरांना विसरावीशी वाटणारी गोष्ट काढणं, असा अर्थ देतो. ‘ड्रेज अप’ त्याचा चुलतभाऊ, तो गाळ उपसण्यावरून आला.

थोडक्यात तपासायचं असं: गोष्ट आधी माहीत होती का? नव्हती, तर ‘डिग अप’. होती पण कोणाला नको होती, तर ‘रेक अप’. होती, हवीही होती, फक्त कपाटात कुठेतरी पडली होती, तर ‘डिग आउट’. जुने फोटो, हिवाळ्याचे कपडे, दहा वर्षांपूर्वीची वही, हे ‘डिग आउट’ करायचं. ‘डिग आउट’चं दुसरं काम ढिगाऱ्यात किंवा बर्फात अडकलेल्याला सोडवण्याचं, तिथे माणूस जिवंत असण्याची आशा असते. ‘डिग अप’ माणसाला लावलं तर बहुतेक वेळा तो पुरलेला असतो. बचावकार्याच्या बातमीत या दोन अव्ययांची अदलाबदल झाली तर वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येईल.

कोशांत ही तीन क्रियापदं तीन पानांवर आहेत. त्यांना एकमेकांसमोर उभं करण्याचं काम वाचणाऱ्यावर सोडलं आहे, आणि ही उणीव पाचांतही सारखीच आहे.

सूर हा दुसरा कमकुवत कोपरा. ‘डिग अप’ मुळात बोलीतलं, रांगडं. पुरातत्त्वाच्या अहवालात ‘एक्स्कव्हेट’ लिहितात. न्यायालयाच्या आदेशाने पुरलेलं प्रेत बाहेर काढतात तेव्हा ‘एक्झ्यूम’. बातमीत आणि संशोधनात ‘अनर्थ’ चालतं, आणि त्यात शोधणाऱ्याचं थोडं कौतुकही असतं. तीच माहिती ‘डग अप’ म्हटली की शोधणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवल्यासारखं होतं, विशेषतः कर्म कोणाचा भूतकाळ असेल तेव्हा. ‘शी अनर्थ्ड अ लेटर’ आणि ‘शी डग अप अ लेटर’ यांत पत्र एकच असलं तरी पहिलीला आपण अभ्यासक म्हणू, दुसरीला खटपटी. ‘डिग अप डर्ट ऑन समवन’ तर सरळ सरळ कोणाची तरी लक्तरं शोधणं आहे. इथे ‘ऑन’ची खूण लक्षात ठेवण्याजोगी. पुढे ‘ऑन’ आणि माणूस आला की ‘डर्ट’ म्हणजे बदनामीचा मजकूर. नाही आला तर ती माती असण्याचीही शक्यता आहे. ब्रिटनमध्ये याच अर्थाने ‘डिग द डर्ट’ म्हणतात, ‘अप’ वगळून.

माणूस कर्म असला की थट्टाही येते. ‘व्हेअर डिड यू डिग हिम अप?’ याला ‘त्याला कुठून खणून काढलंस’ हे मराठी नाही. ‘हे ध्यान कुठून पैदा केलंस?’ हे मराठी. आणि ‘आय विल सी इफ आय कॅन डिग अप अ कॉपी’ यात कुरापतीचा मागमूस नाही, ‘बघतो कुठे प्रत मिळते का’ इतकंच. खटपट करावी लागेल, हमी नाही, एवढी छटा त्यात असते. ती न कळल्यामुळे वाचणारा उगाच रहस्य शोधत बसतो.

रूपं आणि त्यांतले खड्डे

पाचही कोश रूपं नीट देतात, तक्रार नाही. भूतकाळ ‘डग’, तिसरं रूपही ‘डग’. ‘डिगिंग’मध्ये जी दोनदा. ‘डिग्ड’ हे रूप 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये सापडतं, त्यामुळे जुन्या धार्मिक मजकुरात दिसलं तर छपाईची चूक समजू नये. आज मात्र कोणी लिहिलं तर ती चूकच.

वर्तमानपत्रांचे इंग्रजी मथळे ही वेगळी डोकेदुखी. ‘बोन्स डग अप निअर स्कूल’ यात हाडांनी काही खणलेलं नाही. ‘वेअर’ गाळलेला कर्मणी प्रयोग आहे. ‘वर्कर्स डिग अप कॉइन्स’ यात रूप वर्तमानकाळाचं, घटना कालची. भाषांतरयंत्राचा गोंधळ उडण्याची शक्यता अशा मथळ्यांत सर्वांत जास्त, कारण कर्ता कोण हे ठरवायला लागणारे छोटे शब्दच गायब असतात. यंत्राकडून मराठी घेतलंच तर दोनच गोष्टी तपासाव्यात: खणणारा सजीव आहे का, आणि खणलेली गोष्ट हाताला लागण्यासारखी आहे का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असूनही मराठीत ‘खोदणे’ आलं असेल तर ते वाक्य फेकून द्यावं.

आणखी एक. हे क्रियापद कर्माशिवाय उभं राहत नाही. ‘दिवसभर आम्ही खणत होतो’ हे ‘वी वेअर डिगिंग ऑल डे’, ‘डिगिंग अप ऑल डे’ नव्हे.

जोडसाधनं

गूगल बुक्स एनग्रॅम व्ह्यूअर 2010 मध्ये आला. छापील पुस्तकांत एखादा शब्दसमूह किती वेळा येतो याचा वर्षवार आलेख तो काढतो. बहुतेक लोक नुसता शब्द टाकून आलेख बघतात आणि निघून जातात. त्यातली कामाची युक्ती अशी: ‘डिग अप’ लिहून एक जागा सोडून फुलीचं (*) चिन्ह टाकलं, की त्या जागी सर्वाधिक येणारे दहा शब्द मिळतात. नुसतं तेवढं केलं तर ‘द’, ‘अ’ असले शब्दच वर येतात, म्हणून ‘डिग अप द’ लिहून मग फुली टाकावी. नामं मिळू लागतात आणि कर्माच्या तीन जाती डोळ्यांनी बघता येतात. ‘डिग’ला जोडून अंडरस्कोर आणि आय-एन-एफ ही तीन अक्षरं लिहिली की ‘डग’, ‘डिगिंग’ ही रूपंही येतात. पण फुली आणि ही खूण एकाच शब्दसमूहात चालत नाहीत. दोन वेगळ्या खेपा कराव्यात. लहान-मोठ्या लिपीचाही फरक पडतो. पहिलं अक्षर मोठं टाकलं तर मुख्यतः वाक्याच्या आरंभी आलेले वापरच मोजले जातील.

याची मर्यादा फ्रेझल व्हर्बला नेमकी जाचते. ‘डिग अप’ शोधलं तर ‘डिग इट अप’ मोजलं जात नाही. सर्वनामवाले सगळे वापर निसटतात, आणि बोलण्यात तेच जास्त असतात. त्यामुळे आलेखावरून ‘हे क्रियापद मागे पडत चाललं आहे’ असे निष्कर्ष काढू नयेत.

स्केल (SkELL) हे दुसरं साधन, स्केच इंजिन या भाषासंग्रह शोधण्याच्या साधनाच्या कर्त्यांचं, शिकाऊंसाठी. एका शोधात 40 पर्यंत उदाहरणं देतं. ती उदाहरणं वाचताना कागदावर तीन उभे रकाने आखावेत, जमीन, वस्तू, माहिती, आणि प्रत्येक वाक्याचं कर्म त्या त्या रकान्यात टाकावं. दहा-पंधरा वाक्यांतच हात बसतो. उच्चाराला यूग्लिश. यूट्यूबवरच्या भाषणांत तो शब्दसमूह कुठे उच्चारला आहे तिथे नेऊन सोडतं. ऐकताना जोर ‘अप’वर पडतो का ते बघावं. मराठी माणूस ‘डिग’वर जोर देऊन ‘अप’ गिळतो, आणि ऐकणाऱ्याला नुसतं ‘डिग’ पोचतं.

उलट दिशेने जायचं असेल, म्हणजे चांगला मराठी शब्द हवा असेल, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून उपयोगी आहे. पहिली आवृत्ती 1831, सुधारलेली 1857. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात तो शोधता येतो, आणि शोध अर्थाच्या मजकुरातही लावता येतो. तिथे इंग्रजीत ‘डिग’ घालून संपूर्ण मजकुरात शोध दिला, की खणणं-उकरणं या घराण्यातले मराठी शब्द इंग्रजी अर्थांसह पुढे येतात. लेखन जुनं आहे, ‘उकरणें’ असं शेवटच्या अनुस्वारासह. मराठी शब्दाने शोधायचं असेल तर तो अनुस्वार द्यावा लागतो, नाहीतर कोशात असलेला शब्दही नाही असं वाटतं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे शब्द आहेत, तेव्हा त्यांतला आज बोलण्यात कोणता आहे ते आपल्या कानाने ठरवावं.

कोणी कोणता घ्यावा

भाषांतर करणाऱ्याने कोबिल्ड उघडावा, कारण तो कर्म सांगतो. इंग्रजी लिहिणाऱ्याने ऑक्सफर्ड, कारण शब्दक्रम तिथे एका नजरेत कळतो. शाळकरी मुलाला लाँगमन. केंब्रिज बहुअर्थी शब्दात वाट शोधायला बरा, पण ‘डिग अप’साठी तो पहिला उघडावा असं काही कारण नाही. मेरियम-वेबस्टर इथे नको. ‘अनर्थ’ आणि ‘एक्झ्यूम’ यांच्या नोंदींसाठी मात्र तिकडे जरूर जावं.

एकच पान उघडायला वेळ असेल तर कोबिल्डचं उघडावं, आणि ‘डिग अप’ वाचून झाल्यावर तिथेच ‘डिग आउट’ही वाचावं. ‘रेक अप’ मात्र ‘आर’मध्ये आहे, तिकडे वेगळं जावं लागतं.